थानबिनचा राजा कुठे राहत होता

३ फेब्रुवारी १९९५

आज मला काम मिळालं. 'थानबिन राजधानी इतिहास समिती'ची चिटणीस. पगार नाही, पण शिक्का आहे. मंडालेच्या विद्यापीठातून पत्राने इतिहासाची पदवी घेतल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या घरात झगा घातलेला माझा फोटो बुद्धाच्या फळीखाली टांगलेला आहे आणि मी खाली बसून गुळाच्या खड्यांना पानं गुंडाळते आहे. आज पहिल्यांदा वाटलं की फोटोतल्या मुलीला आणि मला एकच काम आहे.

समितीचे अध्यक्ष भात-गिरणीवाले ऊ क्यिन मौंग. त्यांनी सभेत सांगितलं, "पुढच्या वर्षी परदेशी पाहुणे येणार, तसा वरून हुकूम आहे. शेजारच्या गावात निजलेला बुद्ध आहे. त्याच्या पलीकडे सहा बोटांचा बुद्ध आहे. आपल्याकडे काय आहे? गूळ आहे आणि राजा आहे. परदेशी माणूस गूळ खात नाही."

मग माझ्याकडे वळून, "सयामा, राजा किती वर्षं होता इथे?"

मला सयामा म्हणाले. शिकलेल्या बाईला म्हणतात तसं, सगळ्यांसमोर. मी उभी राहून सांगितलं की राजा थेइन्खाने थानबिनला राजधानी केली, तिचं नाव विजयरतनपुरा ठेवलं आणि इथून सात महिने अठरा दिवस राज्य केलं.

"जरा वाढवता येईल का? निदान वर्षभर तरी?"

"इतिहास रबर नसतो, ऊ क्यिन मौंग," मी म्हटलं.

"बरोबर. पण कापड पहिल्या धुण्यात आटतं. तसा हा आटला नसेल कशावरून?"

सगळे हसले. मी हसले नाही. माझं काम ठरलं आहे: राजवाडा नेमका कुठे होता ते शोधायचं. जागा सापडली की ती मोकळी करायची आणि तिथे वाडा पुन्हा उभा करायचा. खांब सिमेंटचे, वर सोनेरी रंग. झुडपं तोडायला शाळेतली मुलं मिळतील का, ते मुख्याध्यापकांना विचारायला हवं.

घरी आईला सांगितलं तेव्हा अमे ताडाचा रस आटवत होती. तिचा डाव थांबला. "कुठला राजा?"

"आपला."

"आपला कधीपासून झाला? आपल्याकडे कधी गूळ घ्यायला आला होता?"

आजची कढई करपली. अमेच्या हातून रस करपलेला मी आजवर पाहिला नव्हता. आनंदाने झालं असावं.

११ फेब्रुवारी

आठ दिवसांत अठरा म्हाताऱ्या माणसांना भेटले. वही भरत आली आहे.

कुंभारवाडीतल्या दॉ म्या यिन ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. चाक फिरवता फिरवता म्हणाल्या, "राजवाडा? तो बाजारात होता, बाई. माझी आजी सांगायची. इथे? इथे सगळा चिखल. चिखलात राजा बसेल का?"

बाजारात चहावाले ऊ बा ग्याव म्हणाले, "इथे कायम बाजारच होता. राजा काय मासळीच्या वासात झोपणार? वाडा कुंभारवाडीत. तिकडची माती बघ कशी राजबिंडी आहे."

आमच्या ताडवाडीतल्यांनी बाजाराकडे बोट दाखवलं आणि नदीकाठच्यांनी ताडवाडीकडे. एकानेही वाडा आपल्या वाडीत होता असं म्हटलं नाही. अठरातले अठराही.

मी यावर बराच विचार केला. दुसऱ्या देशात लोक राजाच्या मोठेपणावरून भांडतात. आमचे लोक तो मान शेजाऱ्याला देऊन टाकतात. शतकानुशतकं धर्मोपदेश ऐकल्यानेच ही नम्रता आली असणार. अहवालात यावर एक वेगळा परिच्छेद टाकणार आहे.

उठताना ऊ बा ग्याव म्हणाले, "सयामा, स्वतःच्या घरी विचारलंस का?"

घरी येऊन वडिलांना, अफेला विचारलं. ते ताडावर चढण्याआधी कमरेचा कोयता तपासत होते. "आपल्याकडे राजा?" म्हणाले. "आपल्याकडे पाहुणेसुद्धा येत नाहीत." आणि चढले. अफे दिवसातून चाळीस झाडं चढतात आणि चार वाक्यं बोलतात. त्यातली दोन आज मला मिळाली.

१९ फेब्रुवारी

मोठी बातमी. कुंभारवाडीच्या जुन्या विहिरीत खुणांच्या विटा सापडल्या. हातभर लांब, एका बाजूला ओल्या मातीत बोटांनी ओढलेल्या तीन रेघा. राजाच्या कामाला विटा पुरवणारी गावं अशी आपापली खूण करत, हे मी पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. त्या रेघांवर माझी बोटं ठेवून पाहिली. तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणाची तरी तीन बोटं.

दॉ म्या यिन विहिरीपाशी उभ्या राहून बाजाराच्या दिशेने बघत होत्या. "परवापर्यंत नव्हत्या या," म्हणाल्या. वय झालं आहे, लक्षात राहत नाही.

२२ फेब्रुवारी

आज बाजारात, मासळीच्या ओट्यामागे तशाच विटांची अख्खी रास. ऊ बा ग्याव चहा न देताच आत गेले.

२७ फेब्रुवारी

पुरावा रोज वाढतो आहे. नदीकाठी, शाळेमागे, दोन कुंपणांच्या मधल्या बोळात. जिथे मी काल नीट पाहिलं होतं तिथे आज विटा असतात. म्हणजे माझी नजर तयार होत चालली आहे. नकाशावर खुणा जोडल्या तर वाडा मंडालेच्या वाड्याहून मोठा होतो. ऊ क्यिन मौंग खूश झाले. "सात महिन्यांत एवढं? कामाचा माणूस होता."

मला मात्र शंका येते आहे. सात महिन्यांत एवढ्या विटा भाजूनसुद्धा होणार नाहीत.

घरात एक छोटीशी कुरबूर. पहाटे अमे अफेला म्हणत होती, "सगळे नेऊन टाकतायत. तुम्हीच तेवढे साधू."

अफे म्हणाले, "नाही."

कशाबद्दल ते विचारलं तर अमे म्हणाली, "कचरा." आमच्या घरात कचरा टाकण्यावरूनसुद्धा तत्त्वं आहेत.

५ मार्च

सापडलं.

महिनाभर अमे चुलाणाला मातीचे थरावर थर देते आहे. मी तिला म्हटलंही होतं की ऐन गुळाच्या दिवसांत एवढी सारवासारव कशाला. आज जाळ जास्त झाला आणि एका बाजूचं सगळं लिंपण गळून पडलं. आत विटा. हातभर लांब, तीन रेघांच्या. एक-दोन नाहीत, चुलाणाचा अख्खा पायाच. आणि या विटा परवा येऊन पडलेल्या नाहीत. माझ्या आजीने यांच्यावर गूळ केला आहे, धुराने आतपर्यंत काळ्या झालेल्या आहेत.

म्हणजे वाडा ताडवाडीत होता. मी राजवाड्यात जन्मले आणि त्यावर बसून पत्राने इतिहास शिकले.

मी नाचत अमेला सांगितलं. ती खाली बसली. "लिहू नकोस."

"का?"

"पगानच्या लोकांचं काय झालं माहीत आहे ना? देवळांच्या सावलीत राहत होते. पाहुण्यांना देवळं दाखवायची म्हणून उठवलं, आता उघड्या माळावर बसलेत."

"ते पगान, अमे. तिथे हजारो देवळं. इथे समितीत आपलीच माणसं आहेत."

"म्हणूनच म्हणते."

अफे चुलाणाकडे पाहत उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मग नवी माती कालवायला घेतली.

मला वाईट वाटलं. पण मी बी.ए. आहे ती कशासाठी? जे अठरा जणांनी नम्रतेपोटी नाकारलं ते मीही नाकारलं तर मग खरं कोण लिहिणार? अहवाल लिहिला. अक्षर चांगलं आलं आहे.

६ मार्च

अहवाल दिला. ऊ क्यिन मौंगनी तो दोनदा वाचला. "ताडवाडी," म्हणाले. "वा. नदीपासून लांब, गिरणीपासून लांब. राजाला अक्कल होती."

१४ मार्च

नोटीस लागली. ताडवाडीची त्रेसष्ट घरं नव्या वर्षाच्या पाण्याच्या सणाआधी उठवायची. जागा चार मैलांवरचा पूर्वेचा माळ. तिथे ताड नाहीत. इथले ताडही तोडणार, कारण सोनेरी खांब रस्त्यावरून दिसले पाहिजेत.

खाली छापलं आहे: 'संशोधन: न्यो न्यो सेइन, बी.ए.'

स्वतःचं नाव छापलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

१५ मार्च

'जागा मोकळी करायची' म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं असं मी इथे लिहिणार होते. लिहून खोडलं. मला विचारायचं नव्हतं.

पाण्यावर गेले तर सगळ्या बायका बाजूला सरकल्या. मग एकीने माझी घागर भरून दिली आणि म्हणाली, "राजकन्येने वाकू नये." बाकीच्या हसल्यासुद्धा नाहीत.

अफे रोजच्यासारखे चाळीस झाडं चढले. मी मोजली. ताडाला रस द्यायला बारा-पंधरा वर्षं लागतात. अफे बावन्न वर्षांचे आहेत.

१८ मार्च

ऊ क्यिन मौंगच्या गिरणीत जाऊन म्हटलं, अहवाल परत द्या, माझ्या निष्कर्षात घाई झाली.

ते चहाच्या पानांचं लोणचं खात होते. माझ्याकडे बशी सरकवली. "इतिहास म्हणजे लुंगी आहे का, रंग आवडला नाही म्हणून परत द्यायला? रबर नसतो, असं मला एका शिकलेल्या मुलीने सांगितलंय."

"पण गावभर विटा सापडल्यात. एकट्या ताडवाडीतच नाहीत."

"खरंच की." ते विचारात पडले. मला क्षणभर आशा वाटली. "त्या वाया कशाला घालवायच्या? वाड्याच्या पायाभरणीत घालू. दर घराने जुन्या विटा आणून माझ्या गिरणीच्या आवारात ठेवायच्या. स्वयंसेवा. लिहून घे."

मी लिहून घेतलं. उद्या ते सुनेच्या बाळंतपणासाठी मंडालेला जाणार, दहा-बारा दिवस नाहीत. देखरेख माझ्याकडे. मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही कसं म्हणतात तेच पदवीत शिकवलं नाही.

२१ मार्च

स्वयंसेवेला आमच्याकडे लोक कसे येतात ते मला माहीत आहे. उशिरा, आजारी पडून, म्हाताऱ्याला पुढे करून. आज पहाटे मी गिरणीवर पोहोचले तर आधीच रांग होती. कुंभारवाडी, बाजार, नदीकाठ, सगळे. टोपल्यांतून, बैलगाडीतून, डोक्यावरून. विहिरीतून काढलेल्या विटा, ओट्यामागच्या विटा, आणि ज्या मी कधीच पाहिल्या नव्हत्या अशा कितीतरी.

"दॉ म्या यिन, तुम्ही कशाला आलात या वयात?"

"राजाचं काम आहे, बाई. पुण्य लागतं."

२३ मार्च

सांगितलं होतं की रास करा. करत नाहीत. म्हणतात, रास घसरते, पोरांच्या पायावर पडेल. म्हणून आधी चर खणतात आणि त्यात विटा एकावर एक नीट बसवतात. चिखलही भरतात. कुंभारवाडीचे गवंडी दोरी लावून काम करताहेत.

मी विचारलं, "दोरी कशाला?"

दॉ म्या यिन म्हणाल्या, "वाकडं बरं दिसतं का?"

मी आवाराला एक फेरी मारली. रांगा गिरणीच्या चारी बाजूंनी चालल्या होत्या. पूर्वेला दाराएवढी जागा मोकळी सोडलेली. वरून भाताच्या तुसाची राख पसरत होते, त्यामुळे सगळं फार जुनं दिसत होतं.

मी म्हटलं, "पश्चिमेचा कोपरा काटकोनात नाही."

ऊ बा ग्यावनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग गवंड्याला ओरडून सांगितलं, "अरे, सयामा काय म्हणतात ऐका. उगाच नाही शिकलेल्या." आणि मला महिन्याभराने चहा दिला.

२९ मार्च

मंडालेचे साहेब पाहणीला आले. ठरल्याच्या दोन दिवस आधीच आले, त्यामुळे ऊ क्यिन मौंग सकाळच्या गाडीने धावत पोहोचले तेव्हा साहेब गिरणीच्या आवारात पायाच्या चौथऱ्यावर उभे राहून फोटो काढून घेत होते.

"फारच सुरेख," साहेब म्हणाले. "पूर्व दरवाजा अगदी स्पष्ट आहे. मग अहवालात ताडवाडी का लिहिलंय?"

ऊ क्यिन मौंगनी आपलं आवार पाहिलं. आधी पूर्वेकडून, मग पश्चिमेकडून. शेवटी म्हणाले, "साहेब, या विटा इथे साठवल्यात."

"साठवलेल्या विटा अशा असतात?"

साहेबांनी जमलेल्या लोकांना विचारलं. अठराही म्हातारी माणसं हजर होती. फेब्रुवारीत ज्यांचं कुणाशी जमलं नव्हतं त्यांचं आज एकमत होतं. हो, इथेच. माझी आजी सांगायची. माझी पणजी सांगायची. ऊ बा ग्याव तर म्हणाले की गिरणीचं यंत्र आहे तिथेच सिंहासन होतं, म्हणूनच इथला तांदूळ पांढरा.

"बाई, तुम्ही शिकलेल्या," साहेब माझ्याकडे वळले. "तुम्हीच सांगा. विटा कुठे सापडतात?"

ऊ क्यिन मौंग माझ्याकडे बघत होते. लोकांच्या मागे अफे होते, कमरेला कोयता, पायाला ताडाची साल लागलेली. ते माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते.

मी म्हटलं, "साहेब, आज थानबिनमधल्या खुणांच्या जवळजवळ सगळ्या विटा या आवारात आहेत."

यात एकही शब्द खोटा नाही. मी रात्रीपर्यंत तो शब्द शोधला. खोटं बोलायला शिकले असते तर निदान झोप लागली असती. हे दुसरंच काहीतरी शिकले.

साहेबांनी वहीत लिहून घेतलं: 'गिरणी हलवणे.'

३ एप्रिल

समितीची तातडीची सभा. ऊ क्यिन मौंग पाच दिवस जेवले नसावेत. सोबत त्यांनी ज्योतिषी सया न्यान यांना आणलं होतं.

सया न्याननी डोळे मिटून सांगितलं की राजा थेइन्खाचा जन्म शनिवारचा, आणि थानबिनची माती त्या वर्षी शनिवारच्या माणसाला घातक होती. अशा मातीवर तो पाऊलच ठेवणं शक्य नव्हतं.

"मग सात महिने अठरा दिवस कुठे होता?" मी विचारलं. चिटणीस म्हणून विचारावंच लागतं.

सया न्याननी एक डोळा उघडून ऊ क्यिन मौंगकडे पाहिलं.

"नौकेत," ऊ क्यिन मौंग म्हणाले. "नदीत नांगर टाकून. नौकेला पाया नसतो."

"आणि एवढ्या विटा?"

"नौका जड करायला. रिकामी नौका डोलते."

कुणीच हसलं नाही. मी सगळ्यांचे चेहरे पाहिले. समितीतल्या नऊही जणांना आपापलं घर आठवत होतं. ऊ क्यिन मौंगना त्यांचं, मला माझं.

"सयामा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं मत? तू इतिहासवाली."

मी म्हटलं, "राजवृत्तात राजा जमिनीवर झोपला असं कुठेही लिहिलेलं नाही."

ठराव असा झाला: 'विजयरतनपुरा ही राजधानी थानबिनजवळ नदीच्या पात्रात होती. तिचे कोणतेही अवशेष गावाच्या हद्दीत नाहीत, आणि असल्यास ते अवशेष नव्हेत.' शेवटचं वाक्य माझं आहे. पाच प्रती केल्या, सुवाच्य अक्षरात, आणि मीच शिक्का मारला.

१० एप्रिल

वरून उत्तर आलं. पाण्यात वाडा बांधणं शक्य नसल्याने काम रद्द. ताडवाडीची नोटीस मागे. गिरणी हलवणंही रद्द. वेशीवरच्या 'पूर्वीची राजधानी' या पाटीवर ऊ क्यिन मौंगनी चुना फासायला लावला आणि वर लिहवून घेतलं: 'उत्तम गूळ.'

१२ एप्रिल

उद्यापासून पाण्याचा सण. सकाळपासून आमच्याकडे रीघ लागली आहे. राजा अधिकृतपणे नदीत गेल्यापासून लोकांची जीभ सुटली आहे.

दॉ म्या यिन म्हणाल्या, "आता खरं सांगते. वाडा आमच्या अंगणातच होता. मी लहानपणी त्याच्या पायरीवर बसून भात खाल्लाय." तासाभराने ऊ बा ग्याव. त्यांच्या मते दॉ म्या यिनच्या अंगणात राजाची म्हैससुद्धा बांधली नसती; वाडा चहाच्या दुकानाखाली होता, आणि राजघराण्याचं थोडं रक्त त्यांच्यातही आहे. दोघं दारातच भांडले. फेब्रुवारीतला माझा नम्रतेवरचा परिच्छेद आठवला.

दुपारी अफे झाडावरून उतरले, शिंक्यातली मडकी खाली ठेवली आणि माझ्याशेजारी बसले.

"चुलाणाच्या त्या विटा," म्हणाले, "इथल्या नाहीत. माझ्या आजोबांनी खांद्यावरून आणल्या. एकेक करून, चाळीस दिवस."

मी विचारलं, "म्हणजे माझा अहवालच चूक होता?"

"हो."

"तुम्हाला मार्चपासून माहीत होतं?"

"लहानपणापासून."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? नोटीस लागली, ताड जाणार होते, तुम्ही एक शब्द बोलला असता तर..."

"तर तू दुसरं विचारलं असतंस. कुठून आणल्या म्हणून." त्यांनी कोयता पुसला. "तिथेही लोक राहतात. त्रेसष्टहून जास्त घरं आहेत. लहान लहान पोरं आहेत. तू शिकलेली, तू लिहिलं असतंस."

अमे आतून म्हणाली, "मला कुठे सांगितलं होतं यांनी? मीही आत्ताच ऐकतेय. मेल्याने मला माळावर नेली असती." पण तिचा आवाज रागावलेला नव्हता.

मी उठून त्यांना पाणी दिलं. मग विचारलं, "कुठून आणल्या?"

अफेनी माझ्या हातांकडे पाहिलं. हातात वही नव्हती. मग त्यांनी सांगितलं. जागा, त्या जागेची खूण, आजोबा कुठल्या वाटेने येत ते, आणि जमिनीखाली अजून काय आहे ते. एवढं बोललेले मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. सगळं जुळतं. राजवृत्तातली नदी जुळते, दरवाजांच्या दिशा जुळतात. थानबिनचा राजा कुठे राहत होता, ते आता मला नक्की माहीत आहे.

इथे लिहीत नाही.